काटेरी नातलग

माझ्या औषधाचा महिना अठ्ठावीस दिवसांचा आहे. एकवीस दिवस रोज जेवणानंतर एक गोळी, मग सात दिवस सुट्टी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी गोळीच्या दिवसांवर टिंब देते आणि सुट्टीचे दिवस मोकळे सोडते. एकादशी, संकष्टी आणि माझी टिंबं एकाच पानावर सुखाने नांदतात. सध्या तिसावं पाकीट चालू आहे.

गोळीचं नाव पाल्बोसायक्लिब. नावाच्या शेवटचं ‘सायक्लिब’ ही तिच्या घराण्याची खूण. या घराण्यातली औषधं पेशीचं विभाजन रोखतात. ज्या प्रथिनावरून हे नाव पडलं ते पहिल्यांदा दिसलं सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यात. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. हा प्राणी दरवर्षी अभ्यासक्रमात असे. निवृत्तीनंतर मुलाकडे, बेंगळुरूला जे. पी. नगरच्या सातव्या फेजमध्ये राहायला यावं, तिथे जुना कॅन्सर हाडांत पुन्हा उगवावा, आणि फळ्यावर खडूने काढलेला तो काटेरी गोळा अशा रीतीने घरात यावा, याची मला काय कल्पना असणार!

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला पाणी मागे हटलं की खडकांच्या खाचांत काळेजांभळे गोळे बसलेले दिसतात, साळिंदराने अंग आखडून घ्यावं तसे. सहलीला नेलं की मुलांना मी चपला घालूनच खाली उतरायला लावत असे, कारण काटा पायात मोडला तर कित्येक दिवस ठणकतो. प्रॅक्टिकलला आम्ही त्याचं तोंड सोडवून दाखवायचो. पाच दातांचा, पिंजऱ्यासारखा सांगाडा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटलने त्याला कंदिलाची उपमा दिली. पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव अजूनही ‘अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील’ असंच आहे. मुलं हे नाव कधी विसरत नसत. बाकीचं सगळं परीक्षेनंतर विसरत.

शास्त्रज्ञांना मात्र हवी होती ती त्याची अंडी. एकेक मादी लाखो अंडी सोडते. ती शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यातच फळतात. कित्येक जातींत अंडं इतकं पारदर्शक असतं की आत काय चाललंय ते भिंगाखाली सरळ दिसतं. आणि एका भांड्यात एकाच वेळी फळवलेली अंडी साधारण एकाच वेळी दुभागतात. एकाची दोन, दोनाची चार, चाराची आठ, शाळेतल्या कवायतीसारखी. जी गोष्ट आपल्यात आईच्या पोटात, अंधारात घडते ती इथे एका बशीत, उजेडात पाहता येते. म्हणून सव्वाशे-दीडशे वर्षं जगभरचे पेशी अभ्यासणारे लोक उन्हाळ्यात समुद्रकिनारी जाऊन राहत आले.

त्यातले एक थिओडोर बोव्हेरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जर्मन शास्त्रज्ञाने एका अंड्यात दोन शुक्राणू शिरल्यावर काय होतं ते पाहिलं. असं अंडं पहिल्याच वेळी दोनाऐवजी तीन-चार भागांत फुटतं आणि गुणसूत्रांची वाटणी विस्कटते. कुणाला एक जास्त, कुणाला एक कमी. भावकीतल्या वाटणीत होतं तसंच. असे बहुतेक गर्भ वेडेवाकडे वाढून मरतात. त्यावरून बोव्हेरींनी ताडलं की प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं आहे आणि एकही चुकून चालत नाही. १९१४ साली त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. माणसाच्या अंगातली कॅन्सरची गाठ अशाच चुकलेल्या वाटणीतून उगवत असावी, असा तर्क त्यात मांडला. पुढच्या वर्षी ते वारले. त्यांच्या तर्काचा पुरावा गोळा व्हायला पुढे कित्येक दशकं लागली.

दुसरे टिम हंट. केंब्रिजचे हे जीवरसायनशास्त्रज्ञ उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत शिकवायला जात. १९८२ च्या जुलैत त्यांच्यापुढे प्रश्न साधा होता: फळल्यावर अंडं नवीन प्रथिनं कशी बनवायला लागतं? कॅन्सरचा त्यात काही संबंध नव्हता. त्यांनी सी अर्चिनच्या अंड्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं, थोड्या थोड्या मिनिटांनी नमुने घेतले आणि त्यांतली प्रथिनं पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी करून पाहिली. बहुतेक पट्ट्या वेळेबरोबर ठळक होत गेल्या. एक पट्टी मात्र ठळक झाली आणि अंडी दुभागायच्या जरा आधी पुसून गेली. पुढच्या फेरीत पुन्हा उमटली, पुन्हा पुसली. पेशी स्वतःच खपून एक प्रथिन बनवते आणि ठरल्या वेळी स्वतःच ते मोडून टाकते, दर फेरीला! हे प्रथिन चक्रासारखं येतं-जातं म्हणून त्याचं नाव पडलं सायक्लिन.

इकडे लेलंड हार्टवेल आणि पॉल नर्स हे दोघे वेगवेगळ्या जातींच्या यीस्टवर काम करत होते. पेशीचं विभाजन चालवणारी जनुकं त्यांनी हुडकली होती. त्यांतल्या एका महत्त्वाच्या जनुकापासून जे प्रथिन बनतं ते काइनेज जातीचं. आपण त्याला फाटकवाला म्हणू. फाटकवाला सदा ड्यूटीवर हजर असतो, पण सायक्लिनने येऊन हात धरल्याशिवाय जागचा हलत नाही. सायक्लिन आलं की फाटक उघडतं आणि पेशी पुढच्या टप्प्यावर जाते. सायक्लिन मोडलं की फाटकवाला पुन्हा जागेवर. २००१ सालचं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून मिळालं.

मला या सगळ्या कथेतला १९८७ सालचा एक प्रयोग सर्वांत विलक्षण वाटतो. नर्स यांच्या प्रयोगशाळेत असं यीस्ट होतं की ज्याचा फाटकवाला बिघडलेला, त्यामुळे विभाजन अडलेलं. त्यात माणसाची जनुकं घातली. त्यांतल्या एका जनुकाने यीस्टचं अडलेलं काम चालू केलं. यीस्टची आणि माणसाची वाट वेगळी होऊन शंभर कोटींच्या आसपास वर्षं झाली असतील. तेवढ्या काळात डोंगर झिजले, समुद्र सरकले. पण पेशी दुभागायचं यंत्र इतकं तेच राहिलं की एकाचा सुटा भाग दुसऱ्यात बसतो. सी अर्चिन तर आपल्याला त्याहून कितीतरी जवळचा. म्हणूनच वुड्स होलच्या बशीत पुसली गेलेली पट्टी माझ्या मणक्यातल्या गाठीबद्दल काही खरं सांगू शकते. मी वर्गात उत्क्रांतीचा वृक्ष काढून ‘हे सगळे आपले नातलग’ म्हणत असे. तेव्हा ते वाक्य सुंदर वाटायचं. आता ते उपयोगाचं वाटतं.

सायक्लिनच्या कुटुंबात पुढे बरीच भावंडं सापडली. त्यांतलं सायक्लिन डी हे विभाजनाच्या अगदी पहिल्या फाटकाशी उभं असतं. त्याचे फाटकवाले दोन, त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत: चार आणि सहा. माझ्यासारख्या, इस्ट्रोजेनवर पोसल्या जाणाऱ्या स्तनांच्या कॅन्सरमध्ये हे सायक्लिन डी अखंड हात धरून ओढत राहतं आणि फाटक बंद व्हायचं नावच घेत नाही. माझी गोळी जाऊन या दोन फाटकवाल्यांना जखडून ठेवते. सोबत इस्ट्रोजेन तोडणारी दुसरी एक गोळी असते. गाठ मरते असं नव्हे, पण पेशी रांगेत थांबून राहतात.

कुलूप समुद्रात सापडलं. त्यासाठी माणसाच्या अंगात घालून पाहिलेली पहिली किल्ली मात्र आपल्या बाजूची आहे, आणि हे मला आजारी पडल्यावरच कळलं. मुंबईला मुलुंडमध्ये हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. इथल्या वनस्पतींचे अर्क काढून त्यांत औषधी गुण आहेत का ते तिथे तपासत. सह्याद्रीच्या सदाहरित रानात वाढणाऱ्या डिसॉक्सिलम बायनेक्टारिफेरम या झाडात त्यांना रोहिटुकिन नावाचं द्रव्य मिळालं. १९८८ साली त्यावर निबंध छापून आला. त्याच्या शीर्षकात सूज आहे, रोगप्रतिकारशक्ती आहे, कॅन्सर नाही. त्या द्रव्याच्या धर्तीवर पुढे फ्लेव्होपिरिडॉल हा रेणू घडवला गेला. तो फाटकवाल्यांना अडवतो हे लक्षात आलं, आणि नव्वदीच्या दशकात अशा प्रकारच्या औषधांत माणसांवर तपासलं गेलेलं ते पहिलं औषध ठरलं.

ते काही रुळलं नाही. फ्लेव्होपिरिडॉल एकूण एक फाटकवाल्यांना एकदम धरत असे, त्यामुळे गाठीबरोबर रोगीही बेजार होई. जुलाबांनी तर लोक हैराण झाले. पुढे अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी फक्त चार आणि सहा नंबरला ओळखणारा रेणू बनवला. तो बरीच वर्षं फारसं कुणाचं लक्ष न जाता पडून होता. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये स्तनांच्या कॅन्सरच्या पेशींवर तो नीट तपासला गेला आणि २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. तीच माझी गोळी. सह्याद्रीतल्या त्या झाडाचा अभ्यासही थांबलेला नाही. इथेच, शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कृषी विद्यापीठात आर. उमा शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की त्या झाडाच्या आत राहणारी बुरशीसुद्धा रोहिटुकिन बनवते. म्हणजे उद्या गरज पडली तर झाड न तोडता हे द्रव्य मिळवण्याची एक वाट.

आता नात्याची दुसरी बाजू. जे यंत्र सी अर्चिनमध्ये आहे तेच माझ्या गाठीत आहे, आणि तेच माझ्या निरोगी पेशींतही आहे. अस्थिमज्जा रोज नव्या रक्तपेशी घडवत असते, त्यासाठी तिलाही चार आणि सहा नंबरचे फाटकवाले लागतात. गोळीला आपला आणि परका कळत नाही. त्यामुळे पांढऱ्या पेशी, त्यांतही जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, उतरत जातात. सात दिवसांची सुट्टी त्यासाठी आहे. जुन्या केमोथेरपीने मज्जेतल्या पेशी मरत. ही गोळी त्यांना फक्त थांबवते. गोळी बंद झाली की त्या पुन्हा कामाला लागतात आणि आठवड्याभरात गाडी रुळावर येते.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी लॅबचा मुलगा सकाळी सातला घरी रक्त घ्यायला येतो. हासनकडचा आहे. माझं कन्नड मोडकं, त्याचं हिंदी त्याहून मोडकं, तरी आमचं छान जमतं. ‘अम्मा, कै बिगि हिडिरी’ म्हणाला की मी मूठ आवळते. संध्याकाळी मोबाइलवर आकडा येतो. न्यूट्रोफिल हजाराच्या वर असेल तर उद्यापासून गोळी; खाली असेल तर थांबायचं. दोन वेळा आकडा सातशे-आठशेवर अडकला, तेव्हा डॉक्टरांनी गोळी १२५ मिलिग्रॅमवरून १०० वर आणली. त्या थांबलेल्या दिवसांत घर चिडीचूप असतं. मुलगा ऑफिसच्या मीटिंगमधून उठून येऊन विचारतो, ‘आई, ताप नाही ना?’ मी पुट्टेनहळ्ळी तलावाकाठी फिरायला जाते ते मास्क लावून आणि गर्दी नसेल तेव्हा. तिथल्या पाणकोंबड्या पाहत बसते. माझ्या अंगात दोन कामं थांबलेली असतात, एक थांबायला हवं ते आणि एक थांबायला नको ते, आणि दोन्ही एकाच गोळीने थांबवलेली.

पैशांचंही सांगायला हवं, कारण आजाराच्या लेखनात ते बहुधा गाळलं जातं. मी गोळी सुरू केली २०२२ च्या नोव्हेंबरात. पहिली पाकिटं मूळ कंपनीची होती आणि एकेका पाकिटाची किंमत मुलाच्या घराच्या हप्त्याहून जास्त होती. तो काही बोलला नाही, सूनही नाही. मीच रात्री हिशेब मांडत बसे. जानेवारी २०२३ मध्ये या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि काही भारतीय कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणलं. किंमत इतकी उतरली की औषधाच्या दुकानातल्या माणसाने बिल करताना स्वतःहून आनंदाने सांगितलं. मला दोन महिने थांबून ही सवलत मिळाली. माझ्याआधी ज्यांना थांबायला वेळच नव्हता, त्यांचं काय झालं असेल, हा विचार त्या दिवशी पिशवी घेऊन घरी येताना मनातून जाईना.

मागच्या स्कॅनमध्ये मणक्यातली एक जागा किंचित वाढल्यासारखी दिसली. ‘अजून बदलायचं नाही, पण पुढचं बोलून ठेवू,’ असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी औषधांची यादी सांगितली. यादीच्या बऱ्याच खाली एक नाव होतं, एरिबुलिन. मी एकदम म्हटलं, ‘हे पण समुद्रातलं!’ डॉक्टरांना हसू आलं.

एरिबुलिनची गोष्ट स्पंजाची आहे. जपानच्या किनाऱ्यावर हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई नावाचा काळा स्पंज असतो. हिराता आणि उएमुरा या शास्त्रज्ञांनी असे ६०० किलो स्पंज गोळा करून त्यांतून जे द्रव्य वेगळं केलं ते होतं १२.५ मिलिग्रॅम. सहा क्विंटल स्पंजातून मोहरीच्या दोन-चार दाण्यांएवढं! १९८६ साली त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. ते कॅन्सरच्या पेशींवर जबरदस्त चालत होतं, पण एवढा स्पंज कुठून आणणार? पुढे न्यूझीलंडच्या समुद्रात तेच द्रव्य असलेला दुसरा स्पंज सापडला, तरी एका टनातून निघालं एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच. मार्ग काढला हिरातांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. योशितो किशी यांनी हार्वर्डमध्ये १९९२ साली तो अजस्र रेणू प्रयोगशाळेत बांधून दाखवला. मग लक्षात आलं की सगळा गुण रेणूच्या एका अर्ध्या भागात आहे. तेवढाच भाग घेऊन औषध घडवलं, तरी त्याला साठाहून अधिक पायऱ्या लागतात. २०१० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत ते मंजूर झालं.

त्याचं काम विभाजनाच्या शेवटच्या अंकात चालतं. पेशी दुभागताना तिच्यात बारीक धागे तयार होतात आणि गुणसूत्रांना दोन टोकांना ओढून नेतात. एरिबुलिन या धाग्यांच्या टोकाला चिकटतं, धागा वाढत नाही, वाटणी होत नाही. आमच्या बिल्डिंगच्या कुंपणाशी सदाफुली फुललेली असते, तिच्यापासून निघालेलं व्हिनब्लास्टिनही याच धाग्यांना धरतं. जपानच्या समुद्रातला स्पंज आणि दारातली सदाफुली, दोघांनी शत्रूला दूर ठेवायला बनवलेली विषं एकाच जागी नेम धरतात. जागा तेवढी जुनी आणि तेवढी सामाईक आहे.

घरी आल्यावर मुलाने एरिबुलिनवरचा मोठा अभ्यास वाचून काढला. ७६२ स्त्रिया. हे औषध मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य १३.१ महिने, दुसरे उपचार मिळालेल्यांचं १०.६. तो बाल्कनीत येऊन उभा राहिला. ‘आई, अडीच महिने? एवढं सगळं करून अडीच महिने?’ तो सॉफ्टवेअरमधला, आकड्यांची भाषा त्याची. त्याच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावर काढावा हे त्याला कळत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, मध्यक म्हणजे भिंत नव्हे. निम्म्या बायका त्याच्या पुढे गेल्या. आत्ताच्या गोळीचंच बघ. तिच्या चाचणीत रोग वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ २४.८ महिने होता आणि गोळीशिवाय १४.५. मी सत्ताविसाव्या महिन्यात उभी आहे. पण हे सांगत असतानाही मला कळत होतं की हे अर्धंच उत्तर आहे. निम्म्या बायका अलीकडेही राहिल्या, आणि मी कुठल्या निम्म्यात असेन ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून दुसरं सांगितलं. अडीच महिने म्हणजे तुझ्या मुलीची सहामाही ते नाताळची सुट्टी. अडीच महिने म्हणजे हापूसचा अख्खा मोसम. तुला ते थोडे वाटतात, कारण तू ते बाहेरून मोजतोस. ज्यांना सदाफुलीही मिळाली नव्हती आणि स्पंजही, त्यांना माझी आई होती म्हणून मी ओळखते. यादीतलं ते नाव तसंच राहू दे. वेळ आली आणि अंगात त्राण असलं तर मी ते घेईन. त्राण नसेल तर नको म्हणेन, आणि तेव्हा तू मला गळ घालायची नाहीस. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बरं.’ आमच्यात हे बोलणं दोन वर्षं राहून गेलं होतं.

नात आतून सगळं ऐकत होती. पाचवीत आहे; घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळताना कन्नड. तिने मला कागदावर सी अर्चिन काढायला लावला, कंदिलासकट. मग विचारलं, ‘आजी, त्याला होतो का गं कॅन्सर?’

सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी शोधून वाचलं. सी अर्चिनमध्ये गाठी फार क्वचित आढळल्या आहेत. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरची त्यांची एक लाल जात शंभरहून जास्त वर्षं जगते आणि म्हातारपणीही अंडी देते. असं का, यावर लोक आता काम करताहेत. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मग त्यांनी काय केलं ते विचारा ना त्याला.’ आणि चित्रातल्या काट्यांना जांभळा रंग द्यायला बसली.